अस्वलाच्या गळ्यातला पेंढा

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपास सुरू होण्याआधीचा शेवटचा मंगळवार होता आणि इग्नात्सी अस्वल होऊन स्वतःच्याच दारात थरथरत उभा होता. अंगावर वाटाण्याच्या वेलांचा पेंढा, तोंडावर मेंढीच्या कातड्याचा मुखवटा, कमरेला साखळी. साखळीचं दुसरं टोक लुद्विकच्या हातात, मागे अकॉर्डियनवाला.

"हे घर सोडू या ना," तो मुखवट्याआडून पुटपुटला.

"आणि वर्षभर तुझ्या कोंबड्या अंडी कशा देतील? अस्वल नाचल्याशिवाय?"

"अरे, ख्रिसमसला फादरसमोर शपथ घेतलीय, वोडकाला शिवणार नाही म्हणून. घरी रोझालियाला सांगून आलोय, गिरणीवर जातो. तिला कळलं तर सोलून काढेल मला."

"मग तोंडातून ब्र काढू नकोस," लुद्विक म्हणाला आणि त्यानं दार ठोठावलं.

घरोघरी अस्वलाला वोडकाचा एक पेला पाजायचा आणि बायांनी त्याचा मूठभर पेंढा उपटायचा, ही रीत. हंसिणीखाली घातला की पिल्लं भरपूर, गादीखाली घातला की पाळणा हलतो. सकाळपासून एकवीस घरं झाली होती. एकवीस पेले पोटात होते आणि पेंढा उरला होता तो गळ्यापुरता. त्यानंच मुखवटा जागेवर धरला होता. आतला कोट लुद्विकचा होता, त्यावरून तरी रोझालिया ओळखणार नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

दार उघडलं ते रोझालियानं. त्याची ही बायको त्याच्या छातीलाही पोचत नव्हती, पण सबंध गावात हा धिप्पाड गडी घाबरायचा तो तिलाच. अकॉर्डियन वाजू लागलं, तिनं त्याला नाचायला ओढलं. वास जाऊ नये म्हणून त्यानं श्वासच कोंडला. तेवढ्यात तिचा हात त्याच्या पाठीवर चाचपडू लागला. ओळखलं हिनं, संपलो आपण, असं त्याला वाटलं.

"अस्वलदादा," ती हळूच म्हणाली, "पेंढा काहीच नाही का रे उरला? गादीखाली घालायला हवा होता. सहा वर्षं झाली लग्नाला. आमच्या ह्यांना सांगू नकोस. ते हसतात."

दरवर्षी चारचौघांत या पेंढ्यावर केलेले विनोद इग्नात्सीला आठवले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गळ्याला हात लावला तर मुखवटा पडणार, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं होता नव्हता तो पेंढा ओढून तिच्या ओंजळीत दिला.

मुखवटा जमिनीवर पडला. अकॉर्डियन थांबलं. इग्नात्सीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

रोझालियानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ओंजळीकडे.

"सगळ्या गावाच्या गाद्या भरून आलात," ती म्हणाली, "आणि घरी एवढाच?"