पाचवं लिंबू

आमचा मेव्हणा दगडू नवी गाडी दिसली की आधी तिच्याखाली शिरतो. अंगावर लग्नाचं धोतर असलं तरी शिरतो. रामराम वर आल्यावर. "बैल आन् गाडी पोटाखालनं बघावी," हे त्याचं ठरलेलं बोलणं. मिलिटरीत जन्मभर ट्रक हाकलेला गडी. आष्ट्याच्या आसपास ट्रॅक्टर घ्या नाहीतर फटफटी, दगडूनं मान हलवल्याशिवाय कुणी पैसे देत नाही. एकदा स्थळ बघायला गेला आणि मुलाची फटफटीच बघून आला. "गाडी नीट ठिवलीया, पोरगी द्या," म्हणाला. पोरगी सुखात आहे.

मोटारीला मी नंबर लावला तो बायकोसाठी. दगडूची ती थोरली बहीण, त्याची अक्का. तिला यष्टी लागायची. खिडकीला बसायची, लिंबू हुंगत राहायची, तरी सांगलीपर्यंत दोनदा उलटी ठरलेली. नंबर यायला सात वर्षं गेली. बायको पौषात गेली. गाडीचं पत्र चैत्रात आलं.

मी पत्र फाडणार होतो. दगडूनं हातातनं काढून घेतलं. "अक्काची गाडी हाय ती, दाजी. आणायची."

सांगलीत शोरूममध्ये तो गाडीखाली शिरला, इंजिन हुंगलं, डिकीत डोकं घातलं. तास गेला. खोट निघेना. मग मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसून त्यानं काच खाली घेतली. काच अर्ध्यावर अडली.

"ही गाडी न्यायची न्हाई."

मालक हसला. "अहो हवालदार, मागची काच कोण उघडतंय? तुम्ही सोडली तर पुढचा नंबरवाला बाहेरच बसलाय."

"बसू द्या."

मी तापलो. "दगड्या, सात वर्षं थांबलोय. त्या खिडकीला बसणारं आता राहिलंय कोण रं?"

तो खाली मान घालून काचेचं हँडल धरून बसला, उतरेना. शेवटी मालकानं मिस्त्री बोलावला. दार खोललं, काच सोडवली. ती पार खाली गेली तशी दगडूनं चारदा खालीवर करून बघितली, हात बाहेर काढला.

"आता द्या पैसं."

शोरूमच्या दारात चाकांखाली लिंबं ठेवली. चार चाकं, चार लिंबं. पिशवीत एक उरलं.

"पाचवं कशाला आणलंस?"

"ह्ये चाकाचं न्हाई." त्यानं ते मागं, खिडकीच्या कडेला ठेवलं. काच उघडीच ठेवली. आम्ही दोघं पुढं बसलो.

रस्ता मोकळा होता, तरी गाडी बैलगाडीच्या चालीनं. दोन यष्ट्या हॉर्न मारत पुढं गेल्या. एक सायकलवाला पुढं गेला.

"अरे दाब की जरा," मी म्हणालो.

"नगं दाजी. तिला लागंल."