ढोलाजीच्या हाडातली चिमटी

मुलांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, डोळ्यांना दिसण्याइतकी ती मोठी नव्हती. बरं, मी तिथे नव्हतोच. पण शप्पथ, खरी आहे.

एका जंगलात ढोलाजी नावाचा हत्ती होता. त्याच्या मांडीच्या हाडात आणखी एक जंगल होतं. तिथे कोवळ्या पेशी राहायच्या. मोठेपणी कुणी लाल होऊन हत्तीला श्वास पोचवायचा, कुणी पांढरं होऊन जंतूंशी मारामारी करायची.

कुणी काय व्हायचं, ते पेशींना निरोप देणारे दवंडीवाले सांगत. पण मेले सगळे एकदम ओरडत! म्हणून तिथे एक एवढीशी बाई होती. शास्त्रज्ञ तिला छोटा आरएनए म्हणतात, घरी चिमटी. नको त्या दवंडीवाल्याच्या तोंडावर जाऊन बसायची. बस्स, एवढंच काम.

एकदा त्या हाडात नवा कारभारी आला.

"बाई, तुम्ही बनवता काय?"

"काही नाही. तोंड दाबते."

"कुणाचं?"

"आत्ता तुमचं दाबावंसं वाटतंय."

कारभाऱ्याने तिला घरी बसवलं. "यापुढे प्रत्येकाचं ऐकलं जाईल!" टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी ठकू नावाची पेशी मोठी व्हायला निघाली.

"लाल हो गं!" एक दवंडीवाला ओरडला.

"छे! पांढरी हो, लढ!" दुसरा.

"वय काय तुझं? नुसती वाढत राहा!" तिसरा.

ठकू आज्ञाधारक. ती गुलाबी झाली, तिने भाला घेतला आणि एकीच्या चौघी झाल्या. चौघींनी विचारलं, "आता काय करू?"

बाकीच्या पेशींचंही तेच. धड लाल कुणीच होईना, तेव्हा तिकडे ढोलाजीला धाप लागली. सोंडेतला पाला उचलवेना. तो धाडकन आडवा झाला. हाडही आडवं झालं आणि कारभारी भिंतीवर आपटला.

"चिमटीबाईंना बोलवा!"

चिमटी आली. लढाईवाल्याच्या तोंडावर बसली, वाढवाल्याच्या तोंडावर मैत्रिणीला बसवलं. एकच आवाज उरला. चौघी ठकूंनी भाले टाकले आणि टोमॅटोसारख्या लाल झाल्या. ढोलाजीने असा श्वास घेतला, की समोरचं झुडूप सोंडेत गेलं.

मग चिमटीचा सत्कार ठरला. कारभारी भाषणाला उभा राहिला. सत्कार तिथेच संपला.

तात्पर्य : सगळ्यांचं ऐकणारं मूल फार गुणी असतं. फक्त त्याने हत्ती मरायला टेकतो.

आता कबूल करतो. हत्ती माझा, कारभारी माझा, भालेही माझेच. तोंड दाबणारी चिमटी मात्र खरी. तुमच्याही हाडात ती आत्ता कामावर आहे. माझ्या तोंडापर्यंत अजून पोचलेली नाही, एवढंच.