आधी सर, मग बाकीचे

पंचशीलाचा प्रोग्राम बरोबर अकराला सुरू झाला आणि पहिल्याच नावाला अडकला.

"वीरभद्र सर, खाली या," तिनं माइकवर तिसऱ्यांदा पुकारलं. जिन्यात चिटपाखरूही नव्हतं.

लातूरच्या त्या कोचिंग क्लासमध्ये आज भूकंपाची तालीम होती. भूकंपाला वर्षं उलटली, तरी भरलेला ट्रक गेला की लातूरकर अजून आधी पंख्याकडे बघतो. म्हणून मालक वीरभद्र सरांनी पालकांना अंगणात बोलावलं होतं आणि संगणक शिकवणाऱ्या पंचशीलाला बजावलं होतं, "जमलं तर नोकरी पक्की. न्हाई जमलं तर बघा!"

कोणी कधी उतरायचं हे ठरवणाऱ्या प्रोग्रामसाठी तिनं संगणकात नावांचं झाड मांडलं. हे झाड उलटं, मूळ वर. मुळाशी सर, त्यांच्याखाली दोन विभागप्रमुख, प्रत्येकाखाली दोन वर्ग. एक नाव पुकारलं की त्याच्या हाताखालचे दोघे रांगेच्या शेवटी लागत. वरची पायरी संपल्याशिवाय खालची सुरूच होत नसे. सरांना ही व्यवस्था फार आवडली होती.

पण अकराच्या ठोक्याला शेजारच्या बांधकामावर लोखंडी गजांचा ट्रक धाडकन रिकामा झाला. खिडक्या थरथरल्या. पालकांचे चेहरे उतरले.

"लेकरं काहून उतरून न्हाई राहिली?" पालकांमधल्या अहमदपूरच्या लक्ष्मीबाई ओरडल्या.

पंचशीलानं सरांना वगळून पुढचं नाव घेतलं, "रेवणसिद्ध सर!"

दुसऱ्या मजल्यावरून विभागप्रमुख वाकले. "सर उतरले न्हाईत, मी कसा उतरू? उद्या मलाच इचारतील!" त्यांच्यामागं पोरं खोळंबली होती.

ती वर धावली. सर टेबलाचा पाय कवटाळून टेबलाखाली बसले होते.

"सर, ट्रक हाय तो. गज टाकले शेजारी."

"जमीन हलली, मॅडम! जिना पडला तर? आधी बाकीचे उतरून बघू द्या."

मग तिनं जिन्यात उभं राहून यादी खालून वाचली. चारही वर्ग उतरले, मग दोन्ही विभागप्रमुख. शेवटी सरांना तिनं हाताला धरून आणलं.

अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. लक्ष्मीबाईंनी डोळे पुसले. "लेकरं आधी, सर शेवटी! मास्तर असावा तर असा!"

सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "आमची शिस्तच हाय तशी," ते माइकवर म्हणाले. मग पंचशीलाला बाजूला घेऊन पुटपुटले, "नोकरी पक्की. फक्त प्रोग्राममदी थोडा बदल करा."

"तुमचं नाव शेवटी टाकू, सर?"

"तालमीत शेवटी टाका," सर आणखी हळू म्हणाले. "खऱ्या भूकंपात पैलंच ऱ्हाऊ द्या."