रुखवतावर फवारा

मल्लूअण्णा आला की बेल वाजवत नाही. चपला फाटकापाशी काढतो आणि आमच्या लॉनवर पालथा पडून जमिनीला कान लावतो. पहिल्या वर्षी आमच्या हिनं किंचाळून मला बोलावलं, माणसाला चक्कर आली म्हणून! अण्णा पडल्या पडल्याच म्हणाला, "गप ऱ्हावा ओ वैनी, पाइप कुठं गळतोय ते ऐकू द्या."

एरवी हा येडशीकडच्या रानांत तुषार संच जोडतो. होळी झाली की पाऊस पडेपर्यंत धाराशिवातल्या बंगल्यांचे फवारे नीट करतो. काम तीन महिन्यांचं, पण रुबाब विचारू नका. काही सुचवायला जावं तर, "शाळा तुमची, पाणी माझं, गुर्जी." संपला विषय. मी जन्मभर पोरांना गप्प बसवलं आणि ह्या बहाद्दरानं मला एका वाक्यात बसवलं.

यंदा एक फवारा मोडला. अण्णानं पिशवीतून रानात लावायचा मोठा पितळी फवारा काढून तिथं बसवला.

"अहो अण्णा, लॉन केवढं, हा केवढा!"

"चालतंय वो," म्हणत त्यानं कॉक फिरवला.

पाण्यानं लॉन ओलांडलं, भिंत ओलांडली आणि ते थेट शेजारच्या शोभाकाकूंच्या अंगणात गेलं. तिथं बाजेवर रुखवताच्या कुरडया वाळत होत्या, गुलाबी, हिरव्या, पिवळ्या. लेकीचं लग्न दहा दिवसांवर. काकू धावत आल्या तोवर बाजेवर नुसता रंगीत लगदा.

"तीन दिवस गहू भिजवला होता हो! आता रुखवतात काय मांडू, माझं कपाळ?" काकू रडायलाच लागल्या. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं.

वाटलं, हा आता वाऱ्याला दोष देणार. पण अण्णानं टोपी काढली. "चूक माझी हाय, ताई. आजच गहू भिजवतो. तुमी सोऱ्या तेवढा काढून ठिवा."

चौथ्या दिवशी सकाळी तो खरोखरच किटलीत गव्हाचा चीक घेऊन हजर! काकूंच्या अंगणात चूल मांडली, एक गाठ न होऊ देता चीक शिजवला आणि सोऱ्यातून गोल गोल कुरडया घालत सुटला. गल्लीतल्या बायका तोंडात बोट घालून बघत होत्या.

"अण्णा, हे कुठं शिकलात?" काकूंनी विचारलं.

"आमच्या मालकिणीचं उजवं अंग गेलंय, दोन वर्सं झाली," तो मान वर न करता म्हणाला. "ती बाजंवरून सांगती, म्या करतो. चुकलं की लई बोलती. बरं वाटतं. न्हायतर घरात दुसरं हाय कोण बोलाया?"

इतकी वर्षं हा माझ्या दारी येतोय आणि मी त्याला घरचं कधी विचारलंच नाही.

काकूंनी नवरा-बायको दोघांना लग्नाचं आवतण दिलं. अण्णा बायकोला रिक्षातून घेऊन आला आणि त्यानं तिला रुखवतापुढं खुर्चीत बसवलं. तिनं डाव्या हातानं एक कुरडई उचलली, उजेडाकडं धरून निरखली.

"जाड झालीया," ती म्हणाली.

अण्णा तिच्याशेजारी खाली बसला. "व्हय," म्हणाला, "जरा घाई केली म्या."