राष्ट्रीय गाल

चेहरा पाहिल्याशिवाय माणूस माणसाला उधार देत नाही, मग कागदाला किंमत कशी देईल? नोटेवर थोर पुरुषाचे चित्र असण्यामागे एवढे साधे शास्त्र आहे. शिवाय झाडाच्या पानाची एक शीर कमी पडली तर कुणाच्या लक्षात येत नाही. पण सासूच्या कपाळावर एक आठी वाढली तरी जावयाला दारातूनच कळते. निसर्गाची ही देणगी खोट्या नोटा पकडण्याकडे वळवणाऱ्या सरकारचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आमच्याकडे नोटेवर आधी फूल होते. (पाहणीत शंभरपैकी ब्याण्णव नागरिकांनी फुलावर विश्वास नसल्याचे सांगितले, उरलेल्या आठांनी पाहणी करणाऱ्यावर.) तेव्हा समितीने एकमताने ठरवले, की यापुढे नोटेवर राष्ट्राचे मुक्तिदाते असतील. अडचण एकच निघाली. मुक्तिदाते जन्मभर भूमिगत होते. कुणाला तोंड न दाखवणे हेच त्यांचे मुख्य कार्य, आणि ते त्यांनी इतके चोख केले की समितीला त्यांचे एकही चित्र मिळेना.

"सोमवारपर्यंत चेहरा आणा," अध्यक्ष नोटेचा ठसा कोरणाऱ्या कारागिराला म्हणाले. "नाहीतर तुमच्या जागी दुसरा चेहरा आणावा लागेल."

कारागीर घरी आला, तेव्हा सासरेबुवा खिडकीपाशी बसले होते. छत्र्या दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस, दाढेने बेजार. उजवा गाल टम्म, डोळे अर्धे मिटलेले, आणि जगाविषयी नजरेत खोल नाराजी.

"बाबा, जरा तसेच बसा."

"बसू कसला जावईबापू, ठणका लागलाय!"

"तो ठणकाच हवाय."

बायको तडकली. "अहो, बाबांना डॉक्टरकडे न्यायचं की त्यांचं चित्र काढायचं?"

"नोकरी राहिली तर डॉक्टर परवडेल ना," तो म्हणाला. दाढ राखण्यात आली.

समितीला चेहरा बेहद्द आवडला. फुगलेल्या गालात सदस्यांना गिळलेले अपमान दिसले, मिटलेल्या डोळ्यांत दूरदृष्टी. शालेय पुस्तकात 'मुक्तिदात्यांचा उजवा गाल' हा धडा लागला (गुण पाच). चौकातला त्यांचा पुतळा चेहऱ्याअभावी तोवर पाठमोरा होता. त्याला फिरवून गाल बसवण्यात आला.

कारागिराला मात्र राहवेना. त्याने अध्यक्षांना खरे ते सांगून टाकले. अध्यक्षांनी ते गोपनीय ठरवले आणि दाढ गुपचूप राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवली. ती काढायला आता समितीची परवानगी लागू लागली. सासरेबुवांचा अर्ज 'नोटेशी साम्य घटण्याचा संभव' असा शेरा मारून परत आला. ते पेज पीत राष्ट्राची सेवा करू लागले. रस्त्यात लोक त्यांना वाकून नमस्कार करत. त्यांना मान हलवूनही उत्तर देता येत नसे, आणि त्यामुळे आदर आणखी वाढे.

मग मुक्तिदात्यांची पणती कचेरीत आली. तिच्या हातात जुना फोटो होता. त्यात एक काटकुळा माणूस खदाखदा हसत होता.

"हे आमचे पणजोबा. नोटेवरचे कोण ते मला माहीत नाही."

अध्यक्षांनी फोटो उजेडात धरला, नखाने खरवडला, नोटेशी ताडून पाहिला. "बाई, हे बनावट आहेत," ते हळुवारपणे म्हणाले. "साऱ्या देशाच्या खिशात एक मुक्तिदाते आणि तुमच्या एकटीच्या ट्रंकेत दुसरे, असं कसं चालेल?"

फोटो जप्त झाला. पणतीला समज देऊन सोडण्यात आले.

शेवटी एका दुपारी सासूबाईंनी दाढेला दोरा बांधला, दुसरे टोक दाराला, आणि दार धाडकन लावले. गाल ओसरला, त्याबरोबर नमस्कारही. सासरेबुवा पोटभर जेवले, पण हिरमुसले. दुकानात नोट गालाला लावून उभे राहिले.

"ओळखलंत?"

"आजोबा, सुट्टे द्या," दुकानदार म्हणाला. त्याने नोटेकडे पाहिले नाही, आजोबांकडेही नाही.

तुम्ही हसलात. ठीक आहे. आता खिशात हात न घालता सांगा, तुमच्या नोटेवरच्या थोर पुरुषाचे तोंड कोणत्या बाजूला आहे? नाही ना आठवत? पण तीच नोट कोपऱ्यात जराशी फाटलेली असेल, तर ती कुणाच्या गळ्यात मारायची, हे तुम्ही सकाळीच ठरवून ठेवले आहे.