पेंटरांनी लिहिलेला गृहपाठ

“आपण जन्मात कुणापुढे वाकलो नाही!” असं पेंटरांनी छातीठोकपणे जाहीर केलं. जाहीर करताना त्यांचं डोकं पलंगाखाली होतं आणि मानेखालचे पेंटर पलंगाबाहेर, कारण डाव्या पायाची चप्पल सापडत नव्हती. त्यामुळे गर्जना जळमटांतून गाळून आली. ऐकायला घरात होती फक्त नात, टिकली. तिनं मान वर न करता विचारलं, “मग आता काय करताय?”

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारे. आसपासच्या सगळ्या दुकानांची नावं त्यांच्याच हातची. शिक्षण चौथीपर्यंत (पाचवीनं त्यांना सोडलं की त्यांनी पाचवीला, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं), पण अक्षर असं, की कर्ज काढून दुकान घातलेला माणूसही पाटी बघून स्वतःला शेठ समजायला लागे. खोड एकच, थट्टेची. डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी रंगवताना खाली बारीक अक्षरांत ‘कृपया बरे होऊन या’ असं लिहून ठेवणारा हा माणूस. पेशंटांना ते लगेच दिसलं. डॉक्टरांना दिसायला बराच काळ गेला, कारण आपल्याच दवाखान्याची पाटी कोण वाचतो?

थट्टा लोकांच्या दारावर होती तोवर ठीक होतं. पण बायकोच्या माहेरची माणसं जेवायला येणार होती, त्या दिवशी पेंटरांनी आपल्याच दारावर ताजी पाटी लटकवली: ‘येथे उत्तम प्रतीचे घोरणे ठोक व किरकोळ मिळेल.’ खाली मालकीणबाई म्हणून बायकोचं नाव, सावली दिलेल्या अक्षरांत. माहेरची माणसं पोट धरधरून हसली. पेंटरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना वाढलं, भांडी घासली, पाटी काढून भिंतीकडे तोंड करून उभी केली, पिशवी भरली आणि मागच्या गल्लीत लेकीकडे जाऊन राहिल्या. जाताना म्हणाल्या, “आता झोपा शांत.”

पेंटर सगळ्यांना सांगत, उद्या येईल. मग सांगू लागले, हवापालट झालेला बरा असतो. मग त्यांनी सांगणंच सोडून दिलं. मुलगा नि सून कारखान्यात जात, टिकली शाळेत, आणि पेंटर घरभर ब्रश धूत हिंडत. (धुतलेले ब्रश पुन्हा धुतले की जास्त स्वच्छ होतात, असं त्यांनी नवीनच शोधून काढलं होतं.)

अशात टिकलीच्या शाळेत लॅपटॉप आले. कुठल्याशा लांबच्या शहाण्या लोकांच्या मनात आलं म्हणे, की जगातल्या गरीब देशांतल्या एकेका पोराच्या हातात एकेक लॅपटॉप द्यायचा, आणि पोरांना परवडायचा म्हणून तो अगदी स्वस्तात बनवायचा. टिकलीच्या वर्गाच्या वाट्याला ते आले. हिरव्या प्लॅस्टिकचा, उचलायला मूठ असलेला, वर दोन कान. कान उभे केले की आसपासच्या पोरांच्या लॅपटॉपशी याचं बोलणं सुरू. मध्ये तार नाही, काही नाही. उन्हात बसूनही अक्षरं दिसत. हातातून पडला तर त्याला काही होत नसे, ज्याच्या पायावर पडला त्याला होई.

“हा लॅपटॉप?” पेंटरांनी पहिल्या दिवशी फिरवून फिरवून पाहिला. “मला वाटलं डबा. भाजी कुठे ठेवायची यात?”

“आजोबा, हात नका लावू. तुमच्या बोटाला रंग आहे.”

“रंग नाही, अनुभव आहे तो.”

मागच्या गल्लीतल्या लेकीचा मुलगा ढब्बू, तोही टिकलीच्याच वर्गात. त्यालाही तसलाच डबा मिळालेला. आणि ढब्बूच्या घरात कोण राहत होतं, हे तुम्ही विसरला असाल, पेंटर विसरले नव्हते.

त्या गर्जनेच्या दुपारी चप्पल सापडली नाही ती नाहीच. पेंटर एका पायात चप्पल घालून उंबऱ्यावर टिकलीजवळ येऊन बसले आणि सहज विचारतोय असा आवाज काढून म्हणाले, “तुझ्या या डब्यात ढब्बू दिसतो का गं?”

“दिसतो. हा काय, निळा माणूस. तो ढब्बू.”

“मग त्याला विचार की जरा. म्हणजे आपलं, घरी सगळे कसे आहेत. लहान मोठे. मोठ्यांत कोण कोण…”

“आजी कशी आहे विचारायचंय ना? तुम्हीच विचारा. मी खेळायला चालले. हे पान उघडंच आहे, यात लिहिलं की त्याला दिसतं. कान खाली पाडू नका.” आणि टिकली पसार.

पेंटर पेचात पडले. स्वतःच्या नावानं विचारायचं म्हणजे वाकणं आलं. पण डबा टिकलीचा, नाव टिकलीचं. टिकलीनं आजीची चौकशी केली तर त्यात पेंटर कुठे वाकले? मनाला असं पटवून त्यांनी लिहायला घेतलं. पोरांच्या बोटांच्या मापाची रबरी बटणं ती, पेंटरांचं एक बोट एका वेळी तीन दाबी. शेवटी त्यांनी पाट्यांचा बारीक ब्रश उलटा धरला आणि दांडीनं एकेक अक्षर ठोकलं.

‘आजी काय करते?’

बऱ्याच वेळानं निळ्या ढब्बूचं उत्तर आलं. ‘बसली आहे.’

‘आजोबांची आठवण काढते का?’

याहून जास्त वेळ गेला.

‘कोण आजोबा?’

“कार्टं आजीवर गेलंय,” पेंटर पुटपुटले. एवढ्यात पुढची ओळ उमटली.

‘त्यांचा खोकला कसा आहे?’

पेंटरांना एकदम भरून आलं. एवढंसं पोर, खेळायचं सोडून आजोबाच्या खोकल्याची चौकशी करतंय! त्यांनी लिहिलं, ‘आहे तसाच. औषधाची बाटली सापडत नाही.’

‘कपाटात वरच्या खणात, जुन्या स्वेटरच्या मागे.’

पेंटर उठले. कपाट, वरचा खण, स्वेटर, त्यामागे बाटली. ती हातात धरून ते थक्क होऊन लॅपटॉपकडे बघत राहिले. मागच्या गल्लीत बसलेल्या पोराला यातून आपल्या कपाटाच्या आतलं दिसतं! स्वस्तातला असून एवढा, महागातला कसा असेल?

मग मात्र पेंटरांचा बांध फुटला. नाव नातीचं, ऐकणारा नातू, लाजायचं कुणाला? ब्रशाची दांडी टकटक चालू लागली.

‘आजोबांना झोप येत नाही. रात्री घर फार गप्प असतं. पलीकडे कुणी घोरत असलं की माणूस एकटा नाही हे झोपेतसुद्धा कळतं. आता मध्येच जाग येते आणि काहीच ऐकू येत नाही. मग ते उठून बसतात.’

पेंटरांनी पुढे लिहिलं.

‘आजोबा स्वतःच स्वतःची चप्पल लपवतात. आधी लपवायचे ते आजी ओरडायची म्हणून. आता सवयीनं लपवतात आणि कुठे लपवली ते विसरतात. ओरडतच कुणी नाही. चहा अजून दोन कप होतो. दुसरा कप ते समोर ठेवतात, आणि गार झाला की तोही स्वतःच पितात.’

लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं, की पानाच्या कडेला निळ्या ढब्बूच्या खाली एक तांबडा माणूस उगवला आहे. मग एक पिवळा. मग जांभळा, मग दोन हिरवे. बघता बघता कडेनं रंगीत माणसांची ओळच लागली. पेंटर खूश झाले. “किनार सुरेख सोडलीय,” ते स्वतःशी म्हणाले. “रंग जरा भडक आहेत, पण पोरांसाठी ठीक.” किनारीला शोभेल असा शेवट हवा म्हणून त्यांनी हातच्या सवयीनं लिहून टाकलं:

‘आजोबांची दुसरीकडे कोठेही शाखा नाही. चौकशी आत करावी.’

फार वेळ गेला. मग निळ्या ढब्बूचा एकच शब्द आला. ‘बरं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर दाढीला गेले. न्हाव्यानं गालाला साबण लावला, वस्तरा उचलला आणि हळूच विचारलं, “काय पेंटर, लागली का झोप?”

“लागली की. का?”

“नाही, काळजी वाटते माणसाला.”

वाण्याकडे गेले तर वाणी म्हणाला, “चहा निम्माच देऊ का? दुसरा कप वायाच जातोय.” वाटेत डॉक्टर भेटले. डॉक्टरांनी पाटीचा सूड कधीपासून राखून ठेवला होता. भर रस्त्यात ते कमरेत वाकले आणि म्हणाले, “चौकशी आत करायची ना?” पोरं त्यांच्या दोन्ही पायांतल्या चपलांकडे बोट दाखवून ओरडली, “सापडली! सापडली!” हसणारे पेंटरांना नवे नव्हते. पण नळावर पाणी भरणाऱ्या एका बाईनं त्यांच्याकडे पाहून डोळे पुसले, तेव्हा मात्र ते घाबरले. आपल्याला काही मोठा आजार झालाय आणि तो आपण सोडून सगळ्यांना माहीत आहे, अशी त्यांची खात्री पटली.

टिकली शाळेतून आली ती दप्तर आपटतच.

“आजोबा! माझ्या गृहपाठात काय लिहिलंत?”

“गृहपाठ? मी तर ढब्बूशी बोलत होतो.”

“अहो, ते पान सगळ्या वर्गाचं आहे! ज्याचा लॅपटॉप चालू असेल त्याला दिसतं. बाईंना पण.”

“पण तिथे कुणी नव्हतं गं.”

“कडेला माणसं आली नाहीत?”

पेंटर हळूहळू खाली बसले. “ती… नक्षी नव्हती?”

“ती मुलं होती! आणि प्रत्येकाची आई मागे उभी राहून वाचत होती. न्हाव्याची मुलगी तर मोठ्यानं वाचून दाखवत होती घरात. आणि विषय काय होता ते तरी बघायचं!” टिकलीनं पान वर वर सरकवलं. अगदी वर लिहिलं होतं: ‘आमच्या घरातील एक उपयोगी वस्तू.’ त्याखाली कुणी शिलाई मशीनबद्दल लिहिलं होतं, कुणी शिडीबद्दल, कुणी छत्रीबद्दल. आणि छत्रीच्या खाली पेंटरीणबाई.

“बाई काय म्हणाल्या?” पेंटरांनी चिरक्या आवाजात विचारलं.

“म्हणाल्या, मनापासून लिहिलंय, पण वस्तू निर्जीव हवी होती. मला परत लिहायला सांगितलंय.”

पेंटरांनी डोळे मिटले. आधी हिचं घोरणं विकायला काढलं, आता हिला शिडी नि छत्रीच्या रांगेत बसवलं. आता कुठली येते ती! आजवर निदान ‘उद्या येईल’ असं म्हणता तरी येत होतं. त्यांना एकाएकी घर फार मोठं वाटायला लागलं. ते उठले, दोन्ही चपला घातल्या, मागच्या गल्लीकडे निघाले, कोपऱ्यावरून परत आले, पुन्हा निघाले. तिसऱ्यांदा दार उघडलं तर दारात पेंटरीणबाई. हातात पिशवी.

“वाचलं मी,” त्या म्हणाल्या.

“अगं, ते आपल्या टिकलीनं…”

टिकलीनं डोळे वटारले.

“टिकलीची शाखा कुठे आहे नि कुठे नाही, ते मला माहीत आहे,” पेंटरीणबाई म्हणाल्या. “बाटली मिळाली?”

“मिळाली. ढब्बूनं सांगितलं. भारी हुशार पोरगं.”

“ढब्बू बाहेर खेळत होता.”

“म्हणजे… तू होतीस?”

“मीच. एका बोटानं. त्या बटणांनी जीव घेतला माझा.”

“आणि ‘कोण आजोबा’?”

“तेही मीच. ते लिहिताना फार बरं वाटलं.”

टिकली तोंडावर हात दाबून आत पळाली. पेंटर घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे तुला सगळं कळलंच की. मग दारात काय उभी? आत ये ना.”

पेंटरीणबाई जागच्या हलल्या नाहीत.

“न्हाव्याला कळलं, वाण्याला कळलं, डॉक्टरला कळलं, सगळ्या वर्गाला आणि त्यांच्या आयांना कळलं. नातीच्या नावानं नातवाला सांगून झालं. मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. ही पिशवी खाली ठेवायची की नाही, ते ऐकून ठरवते. हं, बोला.”