शेरनीची गर्जना

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये निमकरसाहेब पंधरा दिवसांच्या रजेवर पुण्याला निघाले आणि जाताना आपल्या जुन्या विलायती स्पोर्ट्स कारची किल्ली ईश्वर गजभियेच्या हातात ठेवून गेले. "आल्या आल्या तुझ्या नागपूरच्या बदलीवर सही करतो. तोवर रविवारी हिला फिरवून आण. गर्जना ऐकलीस? शेरनी आहे शेरनी!"

ईश्वर नागपूरपासून दूर उत्तरेत, मानक नगरातल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर होता. त्याची आई नागपुरात एकटी गुडघे धरून बसलेली. तीन वर्षं अडकलेली बदली आता त्या सहीवर आली होती. त्याने किल्ली देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखी जपली.

रविवारी तो बायकोला घेऊन निघाला. पुलाच्या चढावर त्याने गाडी रेटली. शेरनीने मोठी गर्जना केली आणि शेजारून सायकलवाला दूधवाला पुढे गेला.

"काहून जी, हा कसा पुढे गेला?" स्नेहलने विचारलं. "आणि करपल्याचा वास कुठून येतो?"

"गप बस." ईश्वरने गाडी तशीच घराकडे वळवली.

क्वार्टरसमोर त्याने हँडब्रेक ओढला, तिसरा गियर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते मजेत घुरघुरत राहिलं; म्हणजे क्लच घसरत होता, इंजिन नुसतं गर्जायचं आणि जोर चाकांपर्यंत पोचतच नव्हता. त्याने वहीत वेळ लिहून हीच चाचणी तीनदा केली, कारण एका चाचणीवर निष्कर्ष काढायचा नाही, हा संस्थेचा नियम. तिसऱ्या चाचणीनंतर गाडी जागची हलेना.

"एवढ्या चाचण्या करायला कुणी सांगितलं होतं तुमाले?" स्नेहल म्हणाली. "गेली नं आता बदली!"

गाडी ढकलत तेलीबागेत शफीक मियाँच्या गॅरेजात न्यावी लागली. मियाँनी गियरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट हातात घेतली आणि अदबीने मान हलवली.

"हुज़ूर, प्लेट तो घिसकर काग़ज़ हो गई है।"

"मुझसे हुआ ना?" ईश्वरने विचारलं.

"तौबा! ये एक इतवार का काम नहीं। कोई साहब बरसों से बायाँ पैर क्लच पर रखकर चला रहे हैं।"

ईश्वरला हायसं वाटलं, पण क्षणभरच. चौकशी साहेबांच्या पायाशी येऊन थांबली होती. सांगणार कोण? त्याने कानपूरहून नवी प्लेट मागवली, गुपचूप बसवून घेतली आणि स्नेहललाही गप्प राहायला बजावलं.

साहेब रजेवरून आले, त्यांनी बदलीचा अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं आणि म्हणाले, "आधी एक चक्कर मारून येतो."

दहा मिनिटांत ते परतले. चेहरा उतरलेला.

"गजभिये, काय केलंस तू हिला? चढावर गप्प! साध्या टॅक्सीसारखी सरळ चढली. माझी गर्जना कुठाय?"

ईश्वरने अर्जाकडे पाहिलं. पेन अजून उघडंच होतं.

"सर, सवय मोडलीय तिची," तो हळूच म्हणाला. "तुमचा पाय नव्हता ना. तुम्ही नेहमीसारखी चालवत राहा. डावा पाय क्लचवरच असू द्या. वर्षभरात येईल गर्जना."

"खात्रीने?"

"इंजिनियर म्हणून सांगतो, सर."

साहेबांनी खूश होऊन सही ठोकली. ईश्वरने शाई वाळायचीही वाट पाहिली नाही. तो घरी धावला आणि स्नेहलला म्हणाला, "सामान बांध. नवी प्लेट झिजेपर्यंत आपल्याजवळ एकच वर्ष आहे."